सही माझी, शिक्का माझा

पगार सात तारखेला व्हायचा. सातला गुरुवार आला तर सहालाच, कारण भोसरी एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची. रविवारी आमची मशिनं चालू आणि गुरुवारी सगळा पट्टा शांत. सोळा वर्षं आमच्या घराचं कॅलेंडर या सात तारखेभोवती फिरलं. मुलीची फी, घराचा हप्ता, गावाकडे आईला पाठवायचे तीन हजार, सगळं आठ तारखेनंतर. २०१९च्या मार्चअखेर मी नोकरी सोडली, एप्रिलमध्ये शेवटचा हिशेब झाला आणि मेची सात तारीख उजाडली तेव्हा सकाळी चहा घेताना मोबाइल उलटा-सुलटा करत बसले होते. बँकेचा मेसेज येणार नाही हे पक्कं माहीत होतं. तरी दुपारपर्यंत चार वेळा बघितलं.

मी कारखान्यात क्वालिटीत होते, म्हणजे माल मापात आहे का ते तपासणाऱ्या खात्यात. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून २००३ साली ट्रेनी म्हणून लागले, सोडताना स्टँडर्ड रूमची जबाबदारी माझ्याकडे होती. स्टँडर्ड रूम म्हणजे कारखान्यातली मापांची खोली. शॉपवरचे, म्हणजे मशिनं चालतात तिथले, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल, प्लग गेज या सगळ्यांची नोंद तिथे, आणि वर्षातून एकदा ते बाहेरच्या लॅबला कॅलिब्रेशनसाठी जायचे. ज्याने आपण मोजतो ते स्वतः बरोबर मोजतंय का, हे तपासायचं काम.

नोकरी सोडण्याचा विचार तिथेच सुरू झाला. एका वर्षी सर्टिफिकेटं चाळताना लक्षात आलं, की एका मायक्रोमीटरची यंदाची रीडिंग्ज आणि मागच्या वर्षीची रीडिंग्ज दहाच्या दहा ठिकाणी तंतोतंत सारखी आहेत. असं होत नाही. वापरातलं माप वर्षभरात कुठेतरी मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं, हलतं. अन् नाही हललं तरी दोनदा मोजल्यावर शेवटचा आकडा इकडे-तिकडे होतोच. पुढच्या खेपेला मी पाच मायक्रोमीटरांच्या तोंडाला, म्हणजे ज्या दोन सपाट बाजूंमध्ये मोजायचा नग धरतात तिथे, ग्रीसचा बारीक ठिपका लावून पाठवला. मोजायचं तर तो पुसावाच लागतो. आठ दिवसांनी पाचही परत आले, सोबत पाच सर्टिफिकेटं. शिक्का, सही, सगळी पास. तीन ठिपके जागच्या जागी होते.

साहेबांना दाखवलं, लॅब बदलली, कंपनीपुरता विषय मिटला. माझ्या मनातून मात्र ते तीन ठिपके जाईनात. आजूबाजूच्या कितीतरी छोट्या शॉपमध्ये हीच सर्टिफिकेटं फायलीत लावलेली असणार आणि त्यांच्या भरवशावर कुणी ब्रेकचे, कुणी स्टिअरिंगचे पार्ट पास करत असणार. हे काम आपल्याला येतं. आपण केलं तर ठिपका पुसून करू. चार वर्षं नुसतं असं वाटत राहिलं आणि सात तारखेला पगार होत राहिला.

आमचं गाव पलूस तालुक्यात. वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवरचे कामगार होते. त्या भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट घराघरांत आहे. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवणारा माणूस बढती डावलली म्हणून नोकरी सोडतो, बेळगावला येऊन भावाबरोबरच्या सायकलच्या दुकानात लक्ष घालतो, मग लोखंडी नांगर बनवतो, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागतात, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. १९१०मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप यांचा तो माळ, त्याची वाडी झाली. ही गोष्ट आण्णांकडून मी किती वेळा ऐकली असेन. पण मी राजीनामा देतेय म्हटल्यावर फोनवर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली म्हणून आमच्यासारख्यांना नोकरी लागली. आपण लागलेल्यातली माणसं, बाळ. लागलेली सोडू नये."

मी उलट बोलले नाही. त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

ग्रॅच्युइटीचा हिशेब एचआरमधल्या मुलीने कागदावर मांडून दिला: शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझं बेसिक २४,००० होतं, सोळा वर्षांचे झाले दोन लाख एकवीस हजार. पीएफ दोन महिन्यांनी काढला. तो काढू नकोस असं एकूण एक जण सांगत होता. एवढ्या पैशात स्वतःच्या कॅलिब्रेशन लॅबसाठी ३५० चौरस फुटांच्या गाळ्याचं डिपॉझिट, दोन एसी, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, म्हणजे मोजायची एकदम सपाट फरशी, आणि ८७ नगांचा स्लिप गेजचा सेट बसला. मापं ताडून बघायच्या यंत्रासाठी, कंपॅरेटरसाठी, कर्ज हवं होतं. बँकेतल्या साहेबांनी प्रोजेक्ट रिपोर्टची चार पानं उलटली आणि विचारलं, "मिस्टर काय करतात?" त्यानंतर, "त्यांची सॅलरी स्लिप आणलीय?" छोट्या उद्योगाच्या विनातारण कर्जाला सरकारची हमी मिळते, हे मी वाचून गेले होते, तसं बोलूनही दाखवलं. ते "बघू" म्हणाले. तीन बँका झाल्यावर चौथीने दिलं, तेही नवऱ्याला सहकर्जदार करून. त्याने एक शब्द न बोलता सही केली. त्या सहीबद्दल त्याचे उपकार मी विसरणार नाही, आणि सोळा वर्षं कमावत्या बाईला ती लागावी याचा रागही अजून गेलेला नाही.

स्लिप गेजबद्दल थोडं सांगते, कारण त्यांच्यावर माझा जीव आहे. आरशासारख्या घासलेल्या पोलादाच्या छोट्या पट्ट्या, प्रत्येकीची जाडी ठरलेली. दोन पट्ट्या स्वच्छ पुसून एकमेकींवर टेकवून फिरवत सरकवल्या की चिकटतात. त्यात चुंबक नाही की गोंद नाही, पण ओढून निघत नाहीत. सरकवूनच सोडवाव्या लागतात. आमच्या भाषेत याला रिंगिंग म्हणतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि त्या चिकटलेल्या दोन पट्ट्या कितीतरी वेळ नुसत्या हातात धरून बसले होते. खरं तर हातात धरायच्याच नसतात. लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला खरं धरायचं, हे १९३१मध्ये जगाने ठरवलंय. शंभर मिलिमीटरचं पोलाद एका अंशाने तापलं की एक मायक्रॉनहून थोडं जास्त वाढतं, आणि आपलं अंग तर सदतीसचं. म्हणून हातमोजे, म्हणून चिमटा, म्हणून आलेलं प्रत्येक माप रात्रभर ग्रॅनाइटशेजारी ठेवायचं आणि सकाळी मोजायचं. गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, दोन तासांत द्या ना." त्याचं माप अजून भोसरीच्या उन्हातच असतं, त्याला कसं मोजू?

हे गेज ज्याने बनवले तो कार्ल एडवर्ड जोहान्सन स्वीडनमध्ये एस्किलस्टुनाच्या सरकारी बंदूक कारखान्यात तपासनीस होता. म्हणजे माझ्याच खात्यातला. १८९६ साली जर्मनीहून आगगाडीने परत येताना त्याला सुचलं, की शंभरेक ठोकळे नीट निवडले तर त्यांच्या जोडण्यांतून हजारो मापं उभी करता येतील. घरी बायकोच्या शिवणयंत्रात फेरफार करून त्यावर त्याने ते घासले, आणि नोकरी चालूच होती. त्याची कंपनी त्यानंतरची. १९२३मध्ये तो अमेरिकेत हेन्री फोर्डकडे कामाला गेला. नोकरी, मग धंदा, मग पुन्हा दुसऱ्याच्या छताखाली, आणि सगळीकडे तो मापच काढत होता. नोकरदार आणि मालक अशा माणसाच्या दोन जाती करणाऱ्यांना मी ही हकिकत सांगते.

पहिली दीड-पावणेदोन वर्षं लॅब नावापुरतीच होती. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबचं सर्टिफिकेट लागतं, आणि ती मान्यता येईपर्यंत, मधले टाळेबंदीचे महिने धरून, पावणेदोन वर्षं गेली. तोवर पोट भरलं सॉर्टिंगवर. कुणाचा तरी लॉट गिऱ्हाइकाकडे अडकलेला असतो. आपण जायचं, तीन हजार नग एकेक करून गेजने तपासायचे, चांगले-वाईट वेगळे करायचे, नगावर पैसे. ज्या कंपनीत मी कालपर्यंत 'मॅडम' होते तिच्याच एका पुरवठादाराच्या शेडमध्ये पत्र्याखाली दहा तास उभी राहून मी भोकं तपासलीत. पाय सुजायचे. पण त्या कामाची मला लाज वाटली नाही, तेव्हाही नाही.

मान्यता आली आणि सर्टिफिकेटवर माझी सही सुरू झाली. सही नोकरीतही करतच होते. पण मापाची एक साखळी असते. शॉपवरचा व्हर्नियर माझ्या स्लिप गेजशी ताडून बघायचा, माझे स्लिप गेज माझ्याहून वरच्या लॅबच्या मापाशी, ते पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मापाशी, आणि तिथून थेट मीटरच्या व्याख्येपर्यंत, जी १९८३पासून प्रकाशाच्या वेगावर बांधलेली आहे. एवढी मोठी साखळी खाली उतरत उतरत येते आणि भोसरीतल्या एका गाळ्यात एका बाईच्या सहीपाशी संपते. तिथे कच्ची कडी निघाली तर वरच्या सगळ्या पक्क्या कड्यांचा उपयोग शून्य.

२०२२च्या पावसाळ्यातली गोष्ट. एक मशिन शॉप माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, वर्षाच्या कामातला तिसरा हिस्सा त्यांचा. सोमवारी त्यांच्याकडे क्वालिटीचं ऑडिट, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा माणूस त्रेचाळीस गेज क्रेटमध्ये घालून आला. माझ्याकडे आयटीआय झालेली एक मुलगी कामाला आहे. ती आणि मी, दोघींनी शनिवार-रविवार बसून सगळं मोजलं. त्यात २५ एच ७चा एक प्लग गेज होता. प्लग गेजला दोन टोकं असतात, गो आणि नो-गो. भोकात गो गेलं पाहिजे आणि नो-गो अडलं पाहिजे, तर भोक मापात. इथे भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मधे हवं. या गेजचं गो टोक झिजत झिजत २४.९९३वर आलं होतं, झिजेची जी मर्यादा ठरलेली असते तिच्याही चार मायक्रॉन खाली. म्हणजे लहान पडलेल्या भोकातही ते सहज जाणार, ऑपरेटर नग पास करणार आणि पुढे जोडणीच्या वेळी कुणीतरी तो शाफ्ट हातोडीने ठोकून बसवणार. शनिवारी मी तीनदा मोजलं होतं. रात्रभर ठेवून रविवारी सकाळी चौथ्यांदा मोजलं.

फोन केला. मालक भला माणूस, कामगारांचे पगार कधी न थकवणारा. म्हणाले, "ताई, गेज मी उद्याच नवा मागवतो. ऑडिटला कागद लागतो हो. एवढ्या वेळी पास लिहा. तुम्हाला मी परकं मानत नाही." मी म्हटलं, नवा आणा, मी रात्रभर जागून त्याचं सर्टिफिकेट देते. म्हणाले, "तोवर ऑडिट होऊन गेलेलं असेल."

रविवारी रात्री दहाला मी गाळ्यावर एकटी होते. भाडं १४,०००. कर्जाचा हप्ता. मुलीचा पगार १५,०००. लाइट बिल, कारण एसी रात्रंदिवस चालू. सर्टिफिकेटची फाइल समोर उघडी होती. एक आकडा बदलायचा होता, शेवटचं एक घर. मी तो बदललाही. २४.९९८. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग खोडला, पुन्हा ९९३ केलं, नापास लिहिलं आणि प्रिंट काढून सही केली.

सोमवारी सकाळी त्यांचा माणूस क्रेट घेऊन गेला. त्यानंतर त्यांच्याकडून काम आलं नाही. आधीचं ८६,०००चं बिल सात महिन्यांनी मिळालं. त्यावरचा जीएसटी मी पुढच्याच वीस तारखेला पदरचा भरला होता, कारण सरकारला तुमचं बिल निघालं एवढंच दिसतं, पैसे आले की नाही ते दिसत नाही. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तक्रारीला पोर्टलही आहे. मी तक्रार केली नाही. या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात आणि मला अजून दहा जणांकडून काम हवं होतं. पंचेचाळीस दिवस उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिलेले पैसे त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाहीत असा आयकराचा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. त्यानंतरच्या पहिल्याच मार्चअखेरीला, ज्यांच्यामागे मी चार-चार महिने लागले होते त्यांचे फोन आपणहून आले: "मॅडम, काही बाकी आहे का आमच्याकडे?"

त्या रविवारच्या रात्रीचा मी पुष्कळ विचार केलाय. २०११मध्ये, नोकरीत असताना, मी अकराशे शाफ्टचा लॉट अडवला होता. डिस्पॅचची गाडी दारात उभी, प्रॉडक्शन मॅनेजर शॉपवर सगळ्यांसमोर ओरडले, मी जागची हलले नाही. घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. पुढच्या सात तारखेला पगार झाला, पुरा झाला. तो ठामपणा सगळा माझाच आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. माझा होता, पण त्याचं भाडं कंपनी भरत होती. खरं बोलल्याने माझ्या घरातली भाकरी कमी होणार नाही, ही सोय पगारातच धरलेली होती. ती सोय होती, हेच मला ती जाईपर्यंत दिसलं नाही.

म्हणून कुणी व्यासपीठावरून नोकरीला गुलामी म्हटलं की मला ते लागतं. आण्णांनी आयुष्यभर नोकरी केली, गुलामी केली नाही. माझ्याकडे मुलं-मुली येतात, विचारतात, नोकरी सोडू का. पैसे किती साठवलेत, गिऱ्हाईक कोण, हे सगळे विचारतातच, मीही विचारते. पण मला त्यांना खरं तर हे विचारायचं असतं, की तुझ्या कामात तुला 'नाही' कुठे म्हणावं लागतं, आणि ते 'नाही' आज कुणाच्या पैशावर म्हणतोस? उद्या ते तुझ्या स्वतःच्या पैशावर म्हणायचंय. तेवढे पैसे बाजूला ठेवलेस का?

आणि ती ठिपकेवाली लॅब. त्यांचा मला आता पूर्वीइतका राग येत नाही. त्यांनीही कधीतरी गाळा घेतला असेल, एसी बसवले असतील, ठिपका पुसून मोजायला सुरुवात केली असेल. अशा रात्री त्यांच्यावर किती आल्या असतील आणि कितव्या रात्री त्यांनी मोजणं सोडलं असेल? माझ्यावर एक आली. आणखी येतील.

तिसरा हिस्सा भरून यायला चौदा महिने लागले. तेवढ्या काळात मी घरात एक रुपया दिला नाही. घर नवऱ्याच्या पगारावर चाललं, म्हणजे माझ्या त्या 'नाही'चं भाडं शेवटी त्याने भरलं. कामावरच्या मुलीचा पगार मात्र एकदाही चुकवला नाही. तो मी सात तारखेला करते. सातला गुरुवार आला तर सहाला.

मागच्या दिवाळीनंतर आण्णा आठ दिवस राहायला आले होते. एवढ्या वर्षांत गाळ्यावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. या वेळी आपणहून म्हणाले, चल बघू. आत आले, ग्रॅनाइटवरून हात फिरवायला गेले आणि स्वतःच थांबले. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढला. शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा, त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला. फ्रेमवरचा रंग अंगठ्याच्या जागी पार उडालेला.

"तपास," म्हणाले.

"रात्रभर ठेवावा लागंल, आण्णा."

"ठेव की. मला कुठं जायचंय."

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून स्टुलावर बसून होते, स्वेटर घालून, कारण वीस अंश त्यांना सोसत नाहीत. मी एकेक जागा घेत गेले. २.५, ५.१, ७.७. एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा फरक. १०.३ आणि १२.९लाही तसंच. १५ला तीन. १७.६ला सात आले. पुसून पुन्हा घेतलं, सातच. २०.२ला परत दोन. स्क्रू एकाच जागी झिजला होता. मी मान वर केली.

"सतरा," ते म्हणाले. "सतरा एमएमचा शाफ्ट. ६२०३ बेअरिंगची जागा. बावीस वर्षं तेवढंच टर्न केलं."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"किती ते नव्हतं म्हाईत. फरक हाय, एवढं हाताला कळायचं."

मर्यादा चार मायक्रॉनची असते. मी सर्टिफिकेट तयार केलं. त्यांचं नाव, तापमान १९.८, दहा रीडिंग्ज, खाली नापास, सही, शिक्का. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे ओळीने वाचले, सातावर बोट टेकवलं, मग कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"किती झालं?"

"काय आण्णा!"

"धंदा हाय न्हवं? किती घेतीस?"

दोनशे, मी म्हटलं. त्यांनी पाकिटातून शंभराच्या दोन नोटा काढून ग्रॅनाइटवर ठेवल्या. सरफेस प्लेटवर असं काही ठेवायचं नसतं. मी नोटा उचलल्या आणि पावती लिहायला घेतली.